वाटीएवढी ज्योत

उदेसिंग वसावेचा आवाज मोलगीच्या वरच्या डोंगरात घडलेला. तिथे एक घर या टेकडीवर, दुसरं समोरच्या टेकडीवर, मधे दरी. शेजाऱ्याकडे मीठ मागायचं तरी तोंडाशी पंजा धरून अशी हाक घालायची, की ती दरी उतरून, पलीकडचा चढ चढून, शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली पाहिजे. असा आवाज घेऊन माणूस सपाटीवर आला की लोक कानांवर हात ठेवतात. उदेसिंगचं मात्र भलं झालं. त्याला काम मिळालं ते गॅसच्या विहिरींवर, आणि तिथे इंजिनाच्या धडधडीत बाकी सगळ्यांचे आवाज बुडून जातात.

"वॉकीटॉकी राहू द्या तुमच्या खिशात," तो म्हणायचा. "तिची बॅटरी संपते. माझी कधी संपलेली बघितलीय?"

लहानपणी तो आईबापाच्या मागे गुजरातेत ऊसतोडीला जायचा. मोठा झाल्यावर कोयता ठेवला आणि तिकडेच गॅसच्या विहिरींवर पाइप उचलायला लागला. मग पाइप जोडायला लागला, मग मनोऱ्यावर चढायला लागला, आणि असा चढत चढत एक दिवस ड्रिलर झाला. ड्रिलर म्हणजे रिगवर, विहीर खोदायच्या अजस्र यंत्रावर, ज्याच्या हातात ब्रेक असतो तो. साहेब लोक कागदावर खोदतात, ड्रिलर जमिनीत खोदतो. हे वाक्यही उदेसिंगचंच, आणि तो ते साहेबांसमोरच म्हणायचा.

आणि मग धानोऱ्याच्या पलीकडच्या माळावर एका कंपनीने रिग उभी केली. आपल्या जिल्ह्यात! उदेसिंग अशा थाटात आला, जणू ती रिग त्यानेच खांद्यावर घालून आणली होती. सोबत डोंगरातली आठ-नऊ पोरं आणली, सगळी ऊसतोडीतून सोडवलेली. "आजवर मी गॅसकडे जात होतो," तो चहाच्या टपरीवर सांगायचा, "आता गॅस माझ्याकडे आलाय."

"तुन्हाकडे ऊना नही, तुन्हा आवाज ऐकीसन घाबरी गया," वहाब म्हणायचा. वहाब शहाद्याचा, पिकअपवाला. रिगवर पाण्याचे जार, कांदे-बटाटे आणि गावोगावच्या बातम्या पोचवणं हा त्याचा धंदा. "म्हणीसनच तर तो खाले दडी बठेल शे."

गॅस दडून बसला होता, हे मात्र खरं.

रिगचे मॅनेजर भूपेंद्रभाई भरूचकडचे. त्यांचं मराठी गुजरातीच्या तेलात तळलेलं. खुर्चीवर बसून, कपाळावर हात मारून त्यांनी एकदा उदेसिंगला सगळं समजावलं. "जो उदेसिंगभाई, हा खडक नाय, कंजूस शेठ आहे. आत माल भरेला छे, पण मूठ नाय सोडत."

गोष्ट अशी होती. साध्या खडकात भोक पाडलं की गॅस आपणहून वर येतो. या खडकाची छिद्रं इतकी बारीक की आतला गॅस आतच घुसमटून राहतो. तो काढायचा तर खोल जा, पुढे खडक फोडा, वेळ घाला. खर्च भलताच वाढतो. एवढं करून वर सरकारचा हिस्सा पुरा द्यायचा म्हटलं तर कोणती कंपनी खोदेल? म्हणून करात सवलत होती. अशा घट्ट खडकातून जो गॅस निघेल त्यावर सरकार आपला हिस्सा काही वर्षं कमी घेणार. फक्त दोन गोष्टी सिद्ध करायच्या. विहिरीत गॅस आहे, हे ज्योत पेटवून दाखवायचं. आणि खडक घट्ट आहे, म्हणजे न फोडता आपणहून येणारा गॅस अगदी थोडा आहे, हेही दाखवायचं. दोन्ही एकतीस मार्चच्या आत, तपासणी साहेबांच्या डोळ्यांसमोर.

उदेसिंगने मान हलवली. "म्हणजे ज्योत हवी."

"हवी."

"पण लहान."

"लहान! एकदम लहान! भगवानच्या दिव्यासारखी!" भूपेंद्रभाई खुर्चीतून उठलेच. "नाय पेटली तर सवलत गेली. मोठी पेटली तरी सवलत गेली. सवलत गेली तर पुढच्या तीन विहिरी गेल्या. आणि त्यांच्या मागे मी पण गेला!"

पुढच्या तीन विहिरी याच जिल्ह्यात व्हायच्या होत्या. पोरांना परत उसाच्या फडात जायचं नव्हतं. उदेसिंगने त्यांना गोळा केलं आणि त्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं. "वादळात आडवा पडलेला, एकमेकांत गुंतलेला ऊस कोण तोडतं? कोणी नाही! मग कारखाना काय करतो? त्या फडाला वेगळा भाव लावतो. तेव्हा कुठे टोळी आत शिरते. हा खडक म्हणजे पडलेला ऊस. सरकारने त्याला वेगळा भाव लावलाय. आता मोठे साहेब येणार आहेत, त्यांना ज्योत दाखवली की झालं!"

पोरांनी माना डोलावल्या. उदेसिंगही खूश झाला. उसाचा दाखला त्याला फारच आवडला होता, आणि त्या आवडीच्या भरात ज्योत लहान हवी हे सांगायचं राहून गेलं.

आता अडचण एकच होती. होळी.

डोंगरातली होळी म्हणजे काय, हे सपाटीवरच्या माणसाला सांगून कळत नाही. गुजरातेत असो की आणखी कुठे, त्या दिवशी प्रत्येक माणूस आपल्या पाड्यावर असतो. उदेसिंगला तर त्याहून मोठं कारण होतं. काही वर्षांपूर्वी गुजरातेतल्या एका विहिरीवर साखळी तुटली आणि पाइप त्याच्या कानाला वारा घालून गेला. डोक्यावरचं हेल्मेट गेलं, डोकं राहिलं. तो तिथल्या तिथे नवस बोलला: पाच होळ्या बावा होऊन नाचेन. बावा म्हणजे अंगभर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू. आणि त्याआधी पाच दिवस पालनी: पायात काही घालायचं नाही, खाटेवर-खुर्चीवर बसायचं नाही, कोणाला शिवायचं नाही, आपलं अन्न आपण रांधायचं. चार होळ्या झाल्या होत्या. ही पाचवी. ही चुकली तर मागच्या चारही वाहून गेल्या, आणि ज्याने पाइप कानाजवळून नेला त्याला दिलेला शब्द खोटा पडला. उदेसिंग सगळ्या जगाशी हसून बोलायचा, पण या एका गोष्टीवर कोणी हसलेलं त्याला चालायचं नाही.

तपासणी साहेब नेमके होळीच्या आदल्या दोन दिवसांतच येणार होते.

"होऊन जाईल," उदेसिंग म्हणाला. "साहेबांना ज्योत दाखवतो, आणि तसाच पाड्यावर जातो."

पालनी सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी यामिनी मॅडम आडव्या आल्या. त्या नाशिकच्या, सुरक्षा अधिकारी, वयाने तरुण. पण बोलल्या की वाटायचं भिंतीवरची पाटीच बोलतेय.

"उदेसिंगजी, सुरक्षा पादत्राणांशिवाय लाल दोरीच्या आत प्रवेश निषिद्ध आहे."

"लांबून, ताई, लांबून!" उदेसिंग दोन पावलं मागे सरला. "शिवू नका. आणि दोरीच्या बाहेर?"

यामिनी मॅडम थांबल्या. "बाहेरसाठी... तसा नियम नाही."

"मग झालं. मी बाहेर उभा राहतो. आवाज आत जाईल. त्याला बूट लागत नाहीत."

दोरीच्या बाहेर खोदकामाच्या मातीचा ढिगारा होता. त्यावर उदेसिंग अनवाणी उभा राहिला. ब्रेकवर त्याचा जोडीदार गोकुळ, लोणखेड्याचा, मिशा मोठ्या आणि काळीज लहान.

"दादा, मन्हा हात थरथरी ऱ्हायनात," गोकुळ आतून ओरडला.

"थरथरू दे! थरथरता हात जागा ऱ्हास!" ढिगाऱ्यावरून उत्तर गेलं आणि इंजिनाच्या डोक्यावरून जाऊन गोकुळच्या कानात बसलं. मग दिवसभर तेच. एक लांब हाक म्हणजे थांब, दोन तुटक हाका म्हणजे सोड, हात छातीशी म्हणजे हळू. पोरांना हे शिकवावं लागलं नाही. त्यांनी ढोरं अशीच वळवली होती. यामिनी मॅडम वॉकीटॉकी हातात धरून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खिशात ठेवली.

भूपेंद्रभाई मात्र डोकं धरून बसले. "बूट नाय, खुर्ची नाय, हात नाय लावायचा. हा ड्रिलर आहे का देव?"

वहाबला रोजे होते. पाण्याचे जार उतरवायचे आणि त्यातला थेंबही प्यायचा नाही, असं त्याचं चाललं होतं. ढिगाऱ्याच्या सावलीला टेकून तो म्हणाला, "तुन्हा पाय उघडा, मन्हं पोट रिकामं, नि भूपेंद्रभाईनं डोकं गरम. तिन्ही जन बराबर पाळी ऱ्हायनूत."

"आपलं सुटणार," उदेसिंग म्हणाला. "त्यांचं एकतीस तारखेपर्यंत."

"माले हसाडू नको भाऊ. हसनू का तहान लागस."

संध्याकाळी पाड्यावरून बायकोचा, रेवाबाईचा, फोन यायचा. ती रेंजसाठी वरच्या टेकडीवर चढून बोलायची, आणि आवाजात नवऱ्यापेक्षा कुठे कमी नव्हती. दोन्हीकडून फोनची गरजच वाटू नये असं बोलणं.

"भाकरी कोण करतं?"

"मीच."

"मग करपत असेल."

"नाही."

"म्हणजे कच्ची खाता. टोपाला मोरपिसं लावून ठेवलीत. माणूस येणार आहे ना टोपाखाली?"

"येणार म्हणजे येणार."

"साहेब सोडतील?"

"साहेबांनी धरलंय कुठे? पालनीत कोणी शिवत नाही मला."

रेवाबाई हसली तेव्हा फोन खरखरला.

मग तो दिवस आला. तपासणी साहेब पांढऱ्या गाडीतून उतरले. ते बोलत नसत, 'हं' म्हणत. एक 'हं' म्हणजे कळलं. नाकातून 'हं' म्हणजे पटलं नाही. आणि शेवट वर गेलेला 'हं?' आला की भूपेंद्रभाईंच्या कपाळावर घाम यायचा. रिगपासून लांब, माळाच्या टोकाला ज्योतीचा खड्डा होता. विहिरीतून निघालेली नळी तिथे उघडी पडत होती. धानोऱ्याचे लोक बांधावर येऊन बसले होते. उदेसिंग ढिगाऱ्यावर, गोकुळ व्हॉल्व्हवर.

उदेसिंगने दोन तुटक हाका दिल्या. गोकुळने व्हॉल्व्ह चिमूटभर उघडला. खड्ड्याशी उभ्या पोरांपैकी मगनने लांब काठीला बांधलेली मशाल पुढे केली.

भप्प!

आग ताडाएवढी उठली. पिवळी, काळ्या धुराची, गरजणारी. धानोऱ्याच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. पोरांनी तर डोंगरातल्या होळीसारखी 'कुर्रर्र' किलकारी फोडली. भूपेंद्रभाईंचा चेहरा आगीच्या उजेडातही पांढरा दिसला.

साहेबांनी नळीवरच्या, गॅस मोजणाऱ्या मीटरकडे बघितलं. काटा जेमतेम हलला होता.

"हं?" साहेब म्हणाले. मग त्यांना बरेच शब्द फुटले. "भूपेंद्रजी, ज्योत एवढी मोठी आणि मीटरचा काटा जागेवर? गॅस भरपूर आहे, आणि सवलतीसाठी मीटर आवळून ठेवलंय. असंच ना?"

"साहेब, ना साहेब, साहेब..." भूपेंद्रभाईंना तेवढंच बोलता आलं.

उदेसिंग ढिगाऱ्यावरून बघत होता. आग खाली बसायला लागली, तशी तिच्यातून लाकडाची ढोबळ टोकं दिसायला लागली. त्याने मगनकडे बघितलं. मगन त्याच्या चुलतभावाचा मुलगा, दोन लेकरांचा बाप, आणि आत्ता तर त्याची छाती फुगून दुप्पट झाली होती.

"मगन! खड्ड्यात काय घातलं?"

"सुकी लाकडं, दादा! आणि वरून थोडं डिझेल!" मगन आनंदाने ओरडला. "साहेब पाहुणे. पाहुण्यासमोर आग बसकी निघाली तर? लाज गेली असती आपली! आणि वर्ष खराब गेलं असतं ते वेगळं!"

डोंगरात हे प्रत्येकाला माहीत असतं. होळी उंच गेली पाहिजे. अडखळत, धुमसत पेटली तर गावाचं नाक खाली. पोरांनी काल दिवसभर लाकडं वेचली होती, कोणी न सांगता, मोठ्या प्रेमाने.

उदेसिंगने तोंडाशी पंजा धरला. ही हाक शेजाऱ्याला मीठ मागायची नव्हती. "साहेब! मीटर खरं आहे! ज्योत खोटी आहे!"

माळावरची सगळी डोकी ढिगाऱ्याकडे वळली. नंतर उदेसिंग ढिगारा उतरून दोरीपर्यंत आला आणि तिथूनच, नेहमीपेक्षा जरा खालच्या पट्टीत, म्हणजे इतरांच्या ओरडण्याएवढ्या आवाजात बोलला. "पोरांनी लाकडं घातली, तुमचा मान म्हणून. चूक माझी. मी त्यांना ज्योत दाखवायची एवढंच सांगितलं. लहान हवी हे सांगितलं नाही. आमच्यात लहान आगीची लाज वाटते, साहेब."

"हं," नाकातून. "आणि मी यावर विश्वास का ठेवू?"

"ठेवू नका. खड्डा रिकामा करतो. विहीर बंद करून तिला दम धरू देतो. उद्या परत पेटवू. पेटवायच्या आधी तुम्ही स्वतः खड्ड्यात उतरून बघा."

साहेबांनी घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं, उदेसिंगचे मातीने माखलेले पाय बघितले. "उद्या. एकदाच. परवा धुळवड, मी माझ्या घरी असणार." आणि गाडीत बसण्याआधी: "बूट का नाहीत तुम्हाला?"

"देवाचं आहे, साहेब."

"हं." हा कोणता 'हं', ते कोणालाच कळलं नाही.

गाडी गेली आणि भूपेंद्रभाईंनी हिशेब केला. उद्या संध्याकाळी सपाटीवरची होळी. डोंगरातली तिच्यानंतर, परवा पहाटे पेटणार. पोरं सकाळी ट्रकने निघणार, ते आधीच ठरलेलं. "पण तू थांबशील, उदेसिंगभाई. तू बोलला साहेबाला. तुझ्या शब्दावर परत येणार ते."

"दुपार टळेपर्यंत थांबतो. मनोऱ्याची सावली या ढिगाऱ्याला लागली की निघालो. त्याच्यापुढे थांबलो तर टोप चढवायच्या वेळेला पोचत नाही."

"आणि सावली लागेपर्यंत ज्योत नाय आली तर?"

"येईल."

मगनला कळलं तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. "दादा, आमच्यामुळे तुझा नवस..."

"नवस माझा आहे, त्याला काही झालेलं नाही," उदेसिंग म्हणाला. "उरलेली लाकडं ट्रकमध्ये भर. होळीला चांगली आहेत. जातीने वेचलीत."

दुसऱ्या दिवशी खड्डा असा झाडला होता की त्यात भाकरी थापावी. साहेब खरोखरच आत उतरले, बुटाच्या टोकाने माती उकरून बघितली, आणि साधा 'हं' म्हणाले. पोरांचा ट्रक सकाळीच ढोल वाजवत गेला होता. मशाल आता भूपेंद्रभाईंनीच धरली. दोन तुटक हाका. गोकुळने व्हॉल्व्ह उघडला.

काहीच नाही.

मशाल एकटीच फडफडत होती. नळीच्या तोंडाशी कान लावावा तर आत कोणी झोपेत उसासा टाकल्यासारखा आवाज. बस. धानोऱ्याचे लोक थोडा वेळ बसले, मग उठून गेले. कालच्या आगीनंतर त्यांना यात मजा नव्हती. साहेब गाडीत बसून पेपर वाचायला लागले. भूपेंद्रभाई काल 'मोठी नको, मोठी नको' म्हणत होते, ते आज 'थोडी तरी, थोडी तरी' म्हणायला लागले.

"कंजूस शेठ!" ते नळीवर ओरडले. "एवढा पण कंजूस असतो का कोण?"

"अजून उघडू का, दादा?" गोकुळ ओरडला.

एक लांब हाक गेली. थांब.

मनोऱ्याची सावली माळावरून सरकत होती. दोरीपाशी आली. दोरी ओलांडली. मग ढिगाऱ्याच्या पायथ्याला लागली, आणि उदेसिंग खाली उतरला. रस्त्यावर वहाबने पिकअप चालू करून ठेवली होती.

भूपेंद्रभाई धावत आले, अगदी जवळ. मग आठवण होऊन मागे सरले. "एक तास, उदेसिंगभाई. फक्त एक. तू नसला तर हा गोकुळ घाबरेल. साहेब जाईल. माझी एकतीस तारीख..."

"भाई, तुमची एकतीस तारीख वाकते का?"

"नाय वाकत."

"माझी होळीही नाही वाकत."

भूपेंद्रभाई वाटेतून बाजूला झाले. तारीख न वाकणं ही गोष्ट त्या माळावर त्यांच्याइतकी कोणालाच कळत नव्हती.

"एकदा या वर," उदेसिंग म्हणाला. "बघून जा, कशासाठी जातो ते." मग तो गोकुळकडे वळला. "ऐक रे! आते तुन्हं काम एकच शे. काहीच करानं नही! जितला उघडा शे तितलाच ऱ्हाऊ दे. कोनी कितलंबी बोंबलनं तरी जास्त उघडू नको. फक्त मशाल विझू देऊ नको."

"नि ना उनी ते, दादा?"

"येई! कंजूस मानूस बी देस. टाइम लावस, इतलंच!"

पिकअपच्या मागच्या हौद्यात तो उभा राहिला, कारण बसायला फळी होती आणि फळीवर बसणं त्याला पटेना. तळोदा गेलं, अक्कलकुवा गेलं, देवगोईचा घाट लागला. वहाबची पिकअप चढावर म्हाताऱ्यासारखी खोकत होती. सूर्य डोंगराआड बुडाला तशी त्याने गाडी कडेला घेतली, बायकोने, अख्तरबानोने, बांधून दिलेला डबा उघडला आणि हात वर करून पुटपुटला.

"खजूर खासना का? शिजाडेल नही, चालीन तुले."

"हातात नको देऊ. फेक."

वहाबने फेकला, उदेसिंगने वरच्या वर झेलला. दोघे खात खात खालची सपाटी बघत उभे राहिले. तिकडे कुठेतरी धानोरा होतं, पण घाटातून ते दिसायचं नाही. वहाबने फोन काढला. रेंज नव्हती.

"काय वाटस? उनी व्हई का?"

"उनी व्हई," उदेसिंग म्हणाला. मग, त्याच्या मानाने फार हळू: "व्हई ना रे?"

वहाबने त्याच्याकडे असं बघितलं, जणू पिकअपचं इंजिन आवाज न करताच सुरू झालं होतं. "तू माले इचारी ऱ्हायना? चल, गाडीवर चढ!"

पाड्यावर रेवाबाईने टोप तयार ठेवला होता. तिने लांबूनच बघून घेतलं: टोपाखाली माणूस आलेला आहे.

पहाटे, पूर्वेला नुकतं फटफटत असताना, होळी पेटली. उंच बांबू, हाताने खणलेल्या खड्ड्यात रोवलेला, आणि त्याच्याभोवती डोंगराएवढी गर्दी. मगनने आणलेली लाकडं सगळ्यात आधी धडधडली, आणि आग अशी वर गेली की मगनचं वर्ष तिथेच चांगलं झालं. ढोलांच्या आवाजात कानाला तोंड लावून बोललेलं ऐकू येत नव्हतं. राखेने रंगलेले, मोरपिसं डोलवणारे बावा रिंगण धरून नाचत होते. सगळे एकसारखे.

या गर्दीच्या कडेला इस्त्रीचा शर्ट चोळामोळा झालेला एक माणूस एका बाव्याकडून दुसऱ्या बाव्याकडे धावत होता. "उदेसिंगभाई? तमे उदेसिंगभाई? नाय? माफ करजो." भूपेंद्रभाई! काल साहेबांना निरोप देऊन ते जे गाडीत बसले ते घाट चढून, वाट चुकून, विचारत विचारत इथवर आले होते.

वहाबने त्यांना पाहिलं. तो गर्दीतून ओरडला, पण ढोलांपुढे त्याचा आवाज म्हणजे रोज्यातलं पाणी. मग त्याने रिंगणातल्या एका बाव्याला हातवारे केले. त्या बाव्याने मान वळवली, तोंडाशी पंजा धरला, आणि ढोलांच्या डोक्यावरून एक हाक आली. एक लांब हाक. थांब.

भूपेंद्रभाई जागच्या जागी थांबले. या हाकेचा मालक एकच होता.

मधे आग होती, गर्दी होती, ढोल होते. बोलून काही उपयोग नव्हता. उदेसिंगने रिगवर विचारतात तसे दोन्ही हात उघडून विचारलं: आली? किती?

भूपेंद्रभाईंनी दोन्ही हात वर केले. आधी लांब, होळीएवढे. उदेसिंगचे पाय थबकले, घुंगरू थांबले. मग भूपेंद्रभाई हात जवळ आणायला लागले. जवळ, अजून जवळ, घागरीएवढे, तांब्याएवढे, आणि शेवटी दोन्ही तळवे वाटीसारखे करून त्यांनी ते डोक्याच्या वर धरले. वाटीएवढी! निळी, कंजूस, वाटीएवढी ज्योत! त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते.

उदेसिंगने जी किलकारी मारली, ती बाकीच्या बाव्यांनी उचलली, पोरांनी उचलली, आणि समोरच्या डोंगरावरून ती परत आली. भूपेंद्रभाई गर्दी फोडत, हात पसरून मिठी मारायला धावले.

"लांबून, भाई, लांबून!"

ते थांबले. दोन पावलं मागे सरले. आजूबाजूला बघितलं, मग खाली वाकून त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि राखेच्या कोमट मातीत पाय ठेवले.

"हां," वहाब म्हणाला. "आते बराबर शे. फक्त भाकरी सोता भाजजात."